‘जमेल की!’ या विधानाची अल्पमीमांसा

काम सांगितलं की आमच्याकडचा माणूस तीन प्रकारे होकार देतो. ‘बघतो’, ‘जमेल’ आणि ‘जमेल की!’ पैकी ‘बघतो’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, याबद्दल नायगावपासून विरारपर्यंत कुठल्याही आचार्याचं दुमत नाही. ‘जमेल’ हे विधान पाऊस, मेगाब्लॉक आणि घरचं कार्य या उपाधींनी बांधलेलं असल्यामुळे त्याचा निवाडा प्रसंग पाहून करावा लागतो. प्रस्तुत निबंधाचा विषय तिसरं विधान हा आहे. त्यात बोलणारा स्वतःच्या कौशल्याचं मोजमाप करतो, ते चारचौघांत जाहीर करतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो, आणि हे सगळं एका दमात. अशा मोजमापावर विसंबून काम वाटावं की नाही, या प्रश्नाकडे शास्त्रकारांनी आजवर काणाडोळा केला आहे. ती उणीव भरून काढण्याचं काम प्रस्तुत लेखकाने स्वतःकडे घेतलं आहे. त्याला ते जमेल की!

पूर्वपक्ष असा की विषय क्षुल्लक आहे. मंडळाचं डेकोरेशन कोण करणार, एवढ्यापुरता. त्याचं निरसन सोपं आहे. वाचकाच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल असेल तर त्याच्या गाभ्यात लिनक्स आहे, आणि लिनक्सची सुरुवात फावल्या वेळात, पगाराशिवाय झालेली आहे. ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते बरंचसं जग याच पायावर उभं आहे. तिथे मस्टर नाही, नेमणुकीचं पत्र नाही, मुलाखत नाही. कोणीतरी कुठूनतरी येतो आणि म्हणतो, मला अमुक येतं, मी करू का? मोठ्या कंपन्यांची पगारी माणसंही आता त्यात आहेत, पण दार अजून तेच आहे. म्हणजे निम्मं जग ‘जमेल की!’वर चाललेलं असताना त्याची मीमांसा करायची नाही, तर मग कशाची करायची?

या शास्त्राचा पर्वकाळ म्हणजे १९९९ सालचे शेवटचे दोन महिने. आमची वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि महापालिका यायला अजून जवळपास दहा वर्षं होती. त्या नोव्हेंबरात अमेरिकेत सोर्सफोर्ज सुरू झालं. ओपन सोर्स प्रकल्पांना तिथे बिनभाड्याची जागा मिळे, आणि जागेबरोबर ‘माणूस पाहिजे’ची पाटी लावण्याची सोयही. माणसांसाठी कौशल्यपत्रिका होती. कौशल्याचं नाव निवडा, किती वर्षांचा अनुभव ते निवडा आणि पायरी निवडा. पायऱ्या पाच. पहिली ‘शिकायचंय’, दुसरी ‘येतं’, तिसरी ‘जादूगार’, चौथी ‘यावर पुस्तक लिहिलंय’ आणि पाचवी ‘ही गोष्टच मी लिहिलीय’.

ही शिडी अभ्यासकाने जरा थांबून पाहावी अशी आहे. ‘येतं’ आणि ‘जादूगार’ यांच्या मधे काहीच नाही. साधारण बरं येणारा, शेजारच्याला विचारून निभावून नेणारा, म्हणजे जगातली बहुसंख्य प्रजा, तिला उभं राहायला पायरीच नाही. नैयायिक याला अव्याप्ती म्हणतील. चौथ्या पायरीत उलटा दोष आहे. पुस्तक लिहिणं आणि काम येणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ज्याने पाककृतीचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी जेवण केलं आहे त्याला सांगायला नको. शिवाय वर्षांचा रकाना पायरीपासून मोकळा. तिथे ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’पासून ‘दहा वर्षांपेक्षा जास्त’पर्यंत कप्पे होते. म्हणजे ‘अनुभव दहा वर्षांपेक्षा जास्त, पायरी शिकायचंय’ अशी नोंद शिडीला मान्य होती. हा मात्र दोष मानू नये. घरात गिटार असलेल्या प्रत्येक माणसाची नोंद हीच आहे.

शिडी वसईत आली ती अशी. आमच्या इमारतीतला एक मुलगा अंधेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून ओपन सोर्सचं काम करतो, फुकट. त्याच्या आईला यातली एकच गोष्ट कळलेली नाही. “पगार देत नाहीत ते ठीक आहे रे,” ती म्हणते, “पण मग तुझ्यावर ओरडतात कशाला?” मुलाकडे याचं उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षेत्रातल्या कोणाकडेच नाही. सोर्सफोर्जची ही जुनी शिडी त्याला कुठेतरी सापडली आणि गणेशोत्सवाच्या बैठकीत त्याने ती मांडली. मागच्या वर्षी कामं कोणी केली नाहीत यावर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. यंदा प्रत्येकाने मोबाइलवर फॉर्म भरायचा. लायटिंग, मंडप, पावत्या, माईक, प्रसाद, स्पर्धा, जे जे असेल त्यापुढे आपली पायरी लिहायची. मग कोष्टक आपोआप माणूस आणि काम यांची जोडी लावेल.

बैठक रात्री दहाला होती, कारण त्याआधी विरार लोकल कोणाला सोडत नाही.

फॉर्म भरून आले. सूत्रसंचालन या रकान्यात इतके जादूगार निघाले की श्रोते उरणार कुठून, हा प्रश्न पडावा. पाचव्या पायरीवर एकच नाव होतं, पण ते प्रत्येक रकान्यात होतं. सर्वांत ज्येष्ठ सभासद काका. लायटिंग: मीच सुरू केलं. प्रसाद: मीच सुरू केलं. व्हॉट्सॲप ग्रुप: मीच सुरू केलं. मुलाने विचारलं, “काका, ग्रुप तर मी बनवला ना?” काका म्हणाले, “अरे बाळा, मंडळ कोणी काढलं? मी. मंडळ नसतं तर ग्रुप कशाचा काढला असतास?” कारणमीमांसेत याला तोड नाही. लायटिंगच्या जादूगाराची विद्या म्हणजे मेन स्विच बंद करून, मनातल्या मनात पाच आकडे मोजून, परत चालू करणं. याला हसण्याआधी लक्षात घ्यावं की सॉफ्टवेअरमधले जादूगारही संकटसमयी हीच विद्या वापरतात.

पण खरी गंमत वेगळीच होती. बँकेत ऑडिटचं काम करणाऱ्या गृहस्थांनी हिशोबाचा रकाना कोरा सोडून ढोलापुढे ‘येतं’ लिहिलं. दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईंनी संगणकाशी संबंधित सगळं टाळून रांगोळी घेतली. शाळेत मुलांना गप्प बसवणाऱ्या सरांनी मुलांच्या स्पर्धांना हातही लावला नाही, विसर्जनाचा टेम्पो मागितला. ऑडिटवाल्यांना विचारलं तर म्हणाले, “दिवसभर तेच करतो हो. इथे पण तेच?” इथे प्रस्तुत लेखकाला आपला सिद्धान्त सापडला. कौशल्याच्या फॉर्ममध्ये माणूस कौशल्य लिहीत नाही, हौस लिहितो. ज्याला जे येतं ते त्याने चर्चगेटला विकलेलं असतं. वसईला तो परत आणतो ते जे विकायचं राहून गेलं ते.

ओपन सोर्सवाले हे जाणून आहेत. नवं वैशिष्ट्य लिहायला माणसं मिळतात, सगळं पाडून नव्याने बांधायलाही मिळतात. मदतपुस्तिका लिहिणं, आलेल्या तक्रारींतल्या एकाच दोषाच्या दहा तक्रारी हुडकून एकत्र लावणं, जुनी आवृत्ती वापरणाऱ्याचं काय होईल हे तपासणं, या रकान्यांत जादूगार येत नाहीत. ही कामं येणारी माणसं असतात, फक्त ती फॉर्ममध्ये दिसत नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळीकडे ‘शिकायचंय’ लिहिलं होतं. खुर्चीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे आहे. मागच्या वर्षीची सिरीज कोणाच्या माळ्यावर आहे हे त्यांना ठाऊक आहे. कोणत्या फ्लॅटमध्ये वर्गणी पहिल्या खेपेला मागायची नसते आणि कोणत्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी बेल वाजवायची नसते, हेही. यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. असता तरी त्यांनी तिथे ‘शिकायचंय’च लिहिलं असतं.

आता त्याच पर्वकाळातला दुसरा ग्रंथ. डिसेंबर १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या डनिंग आणि क्रूगर या दोघांनी एक शोधनिबंध छापला. त्यांनी विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांत तपासलं आणि मग प्रत्येकाला विचारलं, इतरांच्या तुलनेत तू कुठे आहेस? तळातल्या चौथाईतल्या मुलांचा खरा क्रमांक शंभरात खालून बाराव्या पायरीच्या आसपास होता, त्यांना वाटत होतं आपण बासष्टाव्यावर आहोत. हे वाचून मराठी वाचक म्हणेल, उथळ पाण्याला खळखळाट फार, यात नवं काय? नवं दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्याबद्दल आपली म्हण गप्प आहे. ज्यांना खरोखर येत होतं त्यांनी स्वतःला खाली धरलं. कारण त्यांना वाटलं, आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच सोपं गेलं असणार.

या दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं तर २५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जाहीर केलं की आपण एक कार्यप्रणाली करतोय, पण नुसती हौस म्हणून. मोठं किंवा व्यावसायिक असं काही त्यातून होणार नाही. तेच आपलं वरचं लिनक्स. सोर्सफोर्जच्या शिडीवर तो तेव्हा फार तर ‘येतं’वर टेकला असता. आमच्या काकांनी तीच गोष्ट केली असती तर पायऱ्या कमी पडल्या असत्या.

पण जाणत्यांच्या या विनयाचा उपद्रव भयंकर आहे, आणि तो अभ्यासकांच्या नजरेतून सुटतो. काम कोणाला जमेल हे स्वयंसेवक ठरवतो, पण काम किती अवघड आहे हे कोण ठरवतं? ज्याला ते आधीपासून येतं तो. म्हणजे जोडी लावणाऱ्या कोष्टकाच्या दोन्ही बाजू स्वघोषित आहेत. ओपन सोर्सच्या जगात पाहा: मोझिलात नवख्यांसाठी ‘पहिला चांगला बग’ (बग म्हणजे दोष) अशी खूण असते, डेबियनमध्ये ‘नवागत’, गिटहबवर ‘पहिलं चांगलं काम’. ती खूण लावणारा माणूस त्या कोडमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला असतो. त्याच्या दृष्टीने ते एका ओळीचं काम. ती ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे हे कळायला नवख्याला दोन शनिवार लागतात, हे त्याला दिसतच नाही. आमच्याकडे याचं रूप ‘पाच मिनिटांचं काम आहे’. हे वाक्य ऐकलं की जाणता माणूस रिकामा रविवार शोधू लागतो. मंडपाचा परवाना पाच मिनिटांचा असतो. तात्पुरत्या मीटरचा अर्ज पाच मिनिटांचा असतो. मागच्या वर्षी हे काम ज्याने केलं होतं त्यालाच ते पाच मिनिटांचं असतं, आणि तो यंदा ढोल मागून बसलेला असतो.

यावर काही पंडितांनी उपाय सुचवला की माणसाने स्वतःला मोजूच नये, इतरांनी मोजावं. त्याच नोव्हेंबर १९९९ मध्ये राफ लेव्हियनने ॲडव्होगाटो नावाची एक वस्ती उभी केली. तिथे ओपन सोर्सवाले एकमेकांना प्रमाणपत्र देत: निरीक्षक, उमेदवार, कारागीर, उस्ताद. नुसती मतं मोजली तर दोस्तांची टोळी एकमेकांना उस्ताद करून मोकळी होईल, म्हणून लेव्हियनने गणित घातलं. मोजक्या भरवशाच्या माणसांपासून विश्वास सोडायचा; पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची क्षमता कमी होत जाते; तो जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतचे लोक खरे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे प्रवाहाचं गणित समजायला जड जातं म्हणतात. वसई-विरारमध्ये ते शिकवावं लागणार नाही. सूर्या नदीचं पाणी धरणातून निघतं तेव्हा काय असतं आणि लाइनीच्या शेवटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काय उरतं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल.

सोसायटीत मात्र ही पद्धत चालवून पाहू नये. बैठकीत ‘एकमेकांना पायरी द्या’ असं कोणी म्हणालं असतं तर गणपती बसायच्या आधी वकील बसले असते.

आपण कोण हे आपण ठरवायचं की दुसऱ्याने, यावर या भागाने पूर्वीच पुष्कळ रक्त आटवलं आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. सरकारच्या कोष्टकात ती सगळी एका दिवसात शहर झाली. २९ गावांनी म्हटलं, आम्ही गाव आहोत, आम्हाला वगळा. त्यावर मोर्चे निघाले, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात फिरलं. स्वमूल्यांकनाचा याहून मोठा खटला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. एका माणसाने ‘येतं’ लिहायचं की ‘जादूगार’, हा त्यापुढे किरकोळ तंटा.

भाषेच्या बाबतीत तर विचारूच नका. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तोही स्वयंसेवकांवर. तिथे सदस्याच्या पानावर भाषेची चौकट लावता येते. तिचं नाव बाबेल, बायबलातल्या त्या अर्धवट बुरुजावरून. शून्यापासून पाचापर्यंत आकडे, आणि मातृभाषा असेल तर आकड्याच्या जागी एन. शून्य म्हणजे येत नाही, पाच म्हणजे व्यावसायिक दर्जा. एन हा मात्र आकडाच नाही, जन्मदाखला आहे. एनवाला ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका करतो याच्याशी चौकटीला देणंघेणं नाही, आणि जन्माने आलेलं असल्यामुळे त्याला कोणी हरकतही घेऊ शकत नाही. म्हणून शुद्धलेखनाची झाडलोट कोणाला द्यावी याबाबत ही चौकट काहीच सांगत नाही.

वसईत तिचा आणखी गोंधळ होतो. इथल्या पट्ट्यात घरी सामवेदी बोलणारी गावंच्या गावं आहेत, पूर्वेला डोंगराकडे वारली आहे. जागतिक भाषासूचीत सामवेदीला एसएमव्ही आणि वारलीला व्हीएव्ही अशी तीन-तीन अक्षरंही मिळालेली आहेत. प्रामाणिक सामवेदी माणसाने एन तिथे लावायचा आणि मराठीपुढे आकडा टाकायचा. तीन? चार? संकोची असेल तर तीन. आता पाहा, नंदाखाल हे याच पट्ट्यातलं गाव. तिथे जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नंदाखालच्या एखाद्या मुलाने संकोचून तीनचा आकडा लावला आणि दादरच्या एखाद्या मुलाने बिनधास्त एन लावला, तर लेख तपासायला कोणाला द्याल? कोष्टक दादरला देईल.

फॉर्मचा आणखी एक शत्रू बक्षीस. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक ओपन सोर्सचा उत्सव दर ऑक्टोबरात असतो. २०२० साली नियम असा होता की चार सुधारणा पाठवा, पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट. कौशल्याची अट नव्हतीच. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच जगभरच्या प्रकल्पांवर अशा सुधारणांचा पूर आला ज्यांत कोणीतरी माहितीपत्रकाच्या मथळ्यात ‘अप्रतिम’ एवढाच शब्द घातला होता. प्रकल्पवाल्यांचे दिवसचे दिवस हे नाकारण्यात गेले, आणि तिसऱ्याच दिवशी आयोजकांना नियम फिरवावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून हो म्हटलं आहे तिथेच भाग घ्या. आमच्या मंडळाच्या टी-शर्टवर पाठीमागे ‘कार्यकर्ता’ छापलेलं असतं. टी-शर्ट कार्यकर्त्यांपेक्षा जास्त लागतात, यावर वेगळा निबंध लिहिता येईल.

उत्तरपक्ष थोडक्यात सांगतो, कारण तो फारसा विनोदी नाही. जिथे हे कोडं बऱ्यापैकी सुटलं तिथे कौशल्य विचारणंच सोडून दिलेलं दिसतं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात लोक आपला आवाज देतात, मराठीतही. तिथे कोणी विचारत नाही की तुमचे उच्चार जादूगार आहेत की उस्ताद. समोर एक वाक्य येतं, ते वाचायचं. दुसरे अनोळखी लोक ते ऐकतात आणि दोघांनी बरोबर म्हटलं की ते पेटीत. वाक्य वाचायला जितका वेळ लागतो तितकीच परीक्षा, आणि परीक्षा हेच काम. विरार लोकलच्या दारात हे करता येणार नाही, गोंगाट नडेल. पण घरी येऊन, चपला काढून, जेवणाआधी करता येतं. काम इतकं लहान असलं की ‘जमेल की!’ म्हणायला उसंतच राहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते फॉर्ममध्ये एकच रकाना पुरेसा आहे: तुम्ही घरी किती वाजता पोचता?

आमच्या इमारतीतल्या त्या मुलानेही कोष्टक गुंडाळलं. त्याने कामांचे तुकडे केले, एकेका चिठ्ठीवर एकेक लिहिलं आणि लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर टाचण्यांनी लावलं. ज्याला हवी त्याने चिठ्ठी काढून न्यावी, काम झालं की मागे सही करून परत टोचावी. सूत्रसंचालनाच्या चिठ्ठ्या तासाभरात गेल्या. ऑडिटवाल्यांनी बरेच दिवस दुर्लक्ष केलं आणि एका रात्री कोणाचं लक्ष नाही असं पाहून पावतीपुस्तकांची चिठ्ठी खिशात घातली. पुस्तकांत नंबर उलटसुलट लागलेले त्यांना बघवत नव्हते. काका गावाला गेले होते. परत आले तेव्हा बोर्डावर एकच चिठ्ठी उरली होती, ‘खुर्च्या मोजून परत करणे’.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. काकांनी खुर्च्या मोजल्या. खुर्चीवाल्याने वही काढली, वहीत तीन जास्त होत्या. काका म्हणाले, वही चुकली आहे. खुर्चीवाला म्हणाला, काका, वही कशी चुकेल? काकांनी परत मोजल्या, यावेळी मोठ्याने, आणि मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंग म्हणाल्यामुळे परत पहिल्यापासून. अखेर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वहिनींनी सांगितलं, “दोन वॉचमनच्या केबिनमध्ये आहेत, एक गच्चीवर, टाकी बघायला नेली होती.” हिशोब जुळला. खुर्चीवाला गेला. काकांनी चिठ्ठीमागे सही केली, तारीख टाकली, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, जी कोणी मागितलेली नव्हती: ‘अनुभव: दहा वर्षांपेक्षा जास्त.’